आग, धूर आणि ओली लाकडं : ल्युपस झालेल्या लॅटिना स्त्रियांचं गर्भारपण

मागच्या वेळी आपण अनुमान म्हणजे काय ते पाहिलं. आज तेच एका खऱ्या प्रश्नाला लावून बघू. प्रश्न अमेरिकेतला आहे आणि वैद्यकातला आहे. मी डॉक्टर नाही, तेव्हा औषध सुचवणं माझं काम नव्हे. पण ‘तू अमुक गटातली, म्हणून तुला धोका जास्त’ हे वाक्य तपासणं मात्र आमच्या विषयाचंच काम आहे.

ल्युपसमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अवयवांवर उलटते. सांधे, त्वचा, रक्त, मूत्रपिंडं, कशावरही. दहा रुग्णांत साधारण नऊ स्त्रिया असतात, आणि त्यातल्या बहुतेकींना तो मूल होण्याच्या वयातच गाठतो. त्यामुळे एके काळी डॉक्टर सरळ सांगत, ‘मुलाचा विचार सोडा.’ ती भीती निराधार नव्हती. अमेरिकेत १९९८ ते २००० या काळात ल्युपस असलेल्या स्त्रियांच्या बाळंतपणासाठी झालेल्या दर १ लाख भरतींमागे ४४२ माता रुग्णालयातच दगावत होत्या. २०१३ ते २०१५ पर्यंत हा आकडा ५० च्या खाली आला. आजार तोच आहे, काळजी घेण्याची पद्धत बदलली.

आता दुसरा आकडा बघा. ‘प्रॉमिस’ नावाच्या अभ्यासात ल्युपस शांत किंवा आटोक्यात असलेल्या ३८५ गर्भवतींचा मागोवा घेतला. निष्कर्ष २०१५ साली आले. ८१ टक्के स्त्रियांचं गर्भारपण मोठ्या गुंतागुंतीशिवाय पार पडलं. गुंतागुंत म्हणजे काय? तर पोटात किंवा जन्मल्यावर लगेच बाळ दगावणं, दिवस भरण्याआधी बाळंतपण होणं, बाळाची वाढ खुंटणं. धोका कुणाला जास्त, याची यादीही त्यांनी दिली : रक्तात ‘ल्युपस अँटिकोॲग्युलंट’ नावाची प्रतिपिंडं असणं, रक्तदाबाची औषधं चालू असणं, आजार थोडा जागा असणं, प्लेटलेट्स कमी असणं. आणि याच यादीत आणखी एक गोष्ट आहे : गोरी नसणं किंवा हिस्पॅनिक असणं. यातलं काहीच नसलेल्या स्त्रियांत गुंतागुंत सुमारे ८ टक्के. ती प्रतिपिंडं असलेल्या, किंवा ती नसूनही हिस्पॅनिक वा गौरेतर असून रक्तदाबाची औषधं घेणाऱ्या स्त्रियांत ५८ टक्के.

इथे जरा थांबू. प्रतिपिंडं वारेपर्यंत पोचतात, तिला इजा करतात, हे समजतं. पण ‘हिस्पॅनिक’ हा शब्द वारेपर्यंत कसा पोचतो?

नैयायिकांचं जुनं उदाहरण आठवा. ‘जिथे धूर तिथे आग’ हे बरोबर. ‘जिथे आग तिथे धूर’ हे मात्र चूक. लोहाराकडचा लालबुंद तापलेला गोळा घ्या, आग आहे, धूर नाही. धूर येतो तो ओल्या लाकडांमुळे. या ओल्या लाकडांना नैयायिक ‘उपाधी’ म्हणतात. उपाधी सापडली नाही की आपण आगीलाच बोल लावत बसतो. तर मग इथली ओली लाकडं कुठली?

एक तर लॅटिना हा एकजिनसी गटच नाही. १९९४ साली सुरू झालेल्या ‘ल्युमिना’ अभ्यासात टेक्ससमधल्या, मुख्यतः मेक्सिकन वंशाच्या, रुग्णांचा आजार पोर्तो रिकोच्या रुग्णांपेक्षा तीव्र आढळला. मूत्रपिंडांचा त्रासही जास्त. कागदावर दोघी ‘हिस्पॅनिक’च. म्हणजे पहिलं ओलं लाकूड मूत्रपिंडात आहे, आडनावात नाही.

दुसरं लाकूड म्हणजे वेळ. डॉक्टर सांगतात, दिवस राहण्याआधी निदान सहा महिने आजार शांत हवा. मायकोफेनोलेट, मेथोट्रेक्सेट यांसारखी गर्भाला घातक औषधं आधीच बदलायला हवीत. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन मात्र सहसा चालू ठेवायचं. ‘बाळाला बाधेल’ म्हणून घाबरून ते बंद केलं तर आजार उसळू शकतो. पुढे कमी मात्रेत ॲस्पिरिन, तेही सोळाव्या आठवड्याआधी. म्हणजे खरं काम गर्भारपणाच्या आधीचं आहे. आणि अमेरिकेतल्या गरीब बाईचं काय होतं? टेक्सससारख्या राज्यात गरिबांसाठीचा सरकारी आरोग्य विमा, मेडिकेड, एरवी फार थोड्या प्रौढांना मिळतो. गर्भवतींसाठी उत्पन्नाची अट सैल होते. म्हणजे अनेकींना विमा मिळतो तो दिवस राहिल्यावर. कागदपत्रं नसलेल्या स्थलांतरित बाईची वाट तर याहून अवघड. जे सहा महिने सर्वांत मोलाचे, तेच कोरडे जातात. त्यात डॉक्टर इंग्रजी बोलणारा, बाई स्पॅनिश, आणि दुभाषी म्हणून शाळकरी मुलगी. आता ‘मला मूल हवंय, औषधं बदला’ हे त्या बाईनं मुलीच्या तोंडून कसं सांगायचं?

एक चिठ्ठी आली आहे : ‘सर, मग जनुकांचं काहीच नाही का?’ आहे ना. लॅटिन अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांचा वंशवारसा जितका जास्त, तितका ल्युपस लवकर सुरू होण्याचा आणि मूत्रपिंडांपर्यंत जाण्याचा कल जास्त, असं संशोधनात दिसलं आहे. ते नाकारायचं कारण नाही. पण जनुकं बदलता येत नाहीत. लघवीतली प्रथिनं मोजता येतात, रक्तदाब सांभाळता येतो, विमा सहा महिने आधी देता येतो.

म्हणून मुद्दा एवढाच. ‘लॅटिना’ हा शब्द डॉक्टरला सावध करण्यापुरता ठीक आहे, पण ते उत्तर नव्हे. तो ऐकून डॉक्टरनं त्या बाईची लघवी, रक्त, प्रतिपिंडं लवकर तपासली, तर शब्दाचा उपयोग झाला. ‘यांच्यात असंच होतं’ म्हणून तो गप्प बसला, तर त्यानं आगीला बोल लावला आणि लाकडं ओलीच ठेवली. आणि आपल्या ओळखीत कुणाला ल्युपस असेल, मूल हवं असेल, तर तिला घाबरवू नका. संधिवाततज्ज्ञाकडे आणि स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जायला सांगा. दिवस राहिल्यावर नव्हे, आधी.