सुकाणू स्तंभावरील गिअर-दांडा

मोटारगाडीचे गिअर हाताने बदलण्याचा दांडा तळावर न बसविता सुकाणू चक्राखालील स्तंभावर बसविण्याची योजना. ती अमेरिकेत १९३८ च्या सुमारास रूढ होऊ लागली. तिच्यामुळे चालकाजवळचा तळ मोकळा राहतो व पुढच्या सलग बाकावर तिघांना बसता येते. मुंबईच्या उपनगरांतील कुर्ला येथे प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनीने १९५४ पासून बनविलेली फियाट ११०० व १९७४ पासून त्याच मालिकेला मिळालेले प्रीमियर पद्मिनी हे नाव यांमुळे महाराष्ट्रात ही योजना घरोघरी परिचित झाली.

रचना व कार्य : दांड्याचे टोक सुकाणू चक्राकडे ओढले किंवा दूर ढकलले म्हणजे स्तंभालगतची नळी लांबीच्या दिशेने सरकते व गिअर-पेटीतील कोणता सरकदंड हलवावयाचा, हे ठरते. टोक वर-खाली केल्यास नळी स्वतःभोवती फिरते व निवडलेला सरकदंड पुढे-मागे सरकून गिअर गुंततो. या दोन्ही गती नळीच्या तळाशी असलेल्या तरफा व जोडदांडे यांच्यामार्फत पेटीपर्यंत पोहोचतात.

पेटीचे अनुकूलन : जुन्या गाडीची पेटी निकामी झाल्यास तळदांड्याची दुसरी पेटी बसवून मूळ स्तंभदांडा टिकविण्याचा प्रश्न उद्‌भवतो. त्यासाठी पेटीवरचा दांडा काढून तिच्या झाकणातून निवडीची व सरकविण्याची अशा दोन तरफा बाहेर आणाव्या लागतात. तरफांची लांबी अशी ठेवावी लागते, की दांड्याच्या सोयीस्कर फेऱ्यात सरकदंडाचे पूर्ण सरकणे साधेल. उदा., सरकदंड १० मिमी. सरकावयास हवा असता झिजलेल्या बुशांच्या ढिलाईत ३ मिमी. वाया गेल्यास उरलेल्या ७ मिमी.मध्ये दाते अर्धवटच गुंततात आणि भार येताच गिअर सुटतो. म्हणून दोष पुष्कळदा पेटीत नसून सांध्यांत असतो.

एंजिन व पेटी रबरी आधारांवर डोलतात, स्तंभ मात्र सांगाड्याला पक्का असतो. जोडदांड्यांचे सांधे हे डोलणे सामावून घेणारे नसतील, तर एंजिनाच्या धक्क्यानेच गिअर निसटू शकतो. एका वेळी एकच सरकदंड हलू देणारी पेटीतील अडसर-यंत्रणा काढणे धोक्याचे असते. दोन गिअर एकाच वेळी गुंतल्यास पेटी अडकून चालती चाके जखडतात. रिव्हर्स चुकून पडू नये म्हणून निवडीच्या मार्गात स्प्रिंगचा विरोध ठेवतात. जुळणीची सुरुवात दांडा व पेटी दोन्ही न्यूट्रल स्थितीत ठेवून करतात.

सद्यःस्थिती : पद्मिनीच्या अखेरच्या काही प्रतिमानांत तळदांडा आला आणि पुढे स्वतंत्र आसनांमुळे स्तंभदांड्याचे मूळ प्रयोजन उरले नाही. मुंबईत टॅक्सी म्हणून २००३ मध्ये नोंदलेली शेवटची पद्मिनी २० वर्षांची वयोमर्यादा संपल्याने ऑक्टोबर २०२३ मध्ये सेवेतून बाद झाली. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या गाडीस विशेष नोंदणी मिळू शकते. मात्र गाडी मूळ स्वरूपात असावी लागते. त्यामुळे पेटी बदलण्यापूर्वी मूळ पेटी व तिचे जोडदांडे दुरुस्त होतात का, हे तपासणे अधिक हिताचे ठरते.