पाय कापावा लागला तर: गुडघ्याखाली काय उरते?

मधुमेह आपल्या घरांत आता नवा राहिलेला नाही. पायाला साधी जखम होते, चिघळते, काळी पडते आणि एके दिवशी डॉक्टर सांगतात, पाय काढावा लागेल. घरात रडारड सुरू होते. कुणी म्हणते दुसरीकडे दाखवू, कुणी झाडपाल्याचा लेप आणतो. दुसऱ्या डॉक्टरचे मत जरूर घ्यावे, पण ते एक-दोन दिवसांत. आठवडे गेले की सड वर सरकते आणि जो पाय गुडघ्याखाली कापून भागले असते तो मांडीत कापावा लागतो. स्वतःचा गुडघा शाबूत असेल तर कृत्रिम पायावर माणूस कितीतरी कमी दमतो, जिना चढतो, जमिनीवरून उठतो.

हजरत उरवा इब्ने जुबैर (रह.) यांची हकिकत आपण मुलांना सांगतो. हजरत अस्मा (रजि.) यांचे हे पुत्र मदिन्याच्या सात नामांकित फकीहांपैकी एक. प्रवासात त्यांच्या पायाला सड लागली. शुद्ध हरपणारे पेय त्यांनी नाकारले आणि पाय कापू दिला, रक्त थांबवायला उकळते तेल वापरले गेले, असे चरित्रग्रंथांत येते. आपण त्यांचा सब्र सांगतो, पण उपचाराला त्यांनी नकार दिला नाही, हे सांगायचे राहून जाते.

त्या काळी जीव वाचला तरी पुष्कळ होते. 1846 नंतर भूल देऊन शस्त्रक्रिया होऊ लागल्या आणि सर्जनच्या हाताला सवड मिळाली. उरलेला भाग, म्हणजे स्टंप, कसा घडवायचा याचा विचार वाढला. एडिनबर्गच्या जेम्स साइम यांनी 1840 च्या दशकातच घोट्यापाशी पाय काढून टाचेची जाड कातडी हाडाखाली बसवली होती. टाच मुळात वजन पेलण्यासाठीच असते. त्यामुळे असा स्टंप थेट टेकवता येतो.

नडगीत कापताना ही सोय नसते. तेथे पुढच्या बाजूला हाडावर नुसती पातळ कातडी. म्हणून मागची पोटरी कामाला येते. तिच्यात रक्तपुरवठा चांगला असतो. मागचा मांसल भाग लांब ठेवून तो पुढे दुमडून शिवतात, म्हणजे हाडाच्या टोकाला जाड गादी मिळते. अमेरिकेत सिएटलचे अर्नेस्ट बर्जेस यांनी 1960 च्या दशकात ही पद्धत रूढ केली. नडगीचे हाड साधारण 12 ते 15 सेंटिमीटर ठेवतात. त्याची पुढची धार तासून गोल करतात, नाहीतर ती आतून कातडीला टोचत राहते. बाजूचे बारीक हाड थोडे आखूड कापतात. स्नायू हाडाला किंवा एकमेकांना घट्ट शिवतात. मज्जातंतू थोडा ओढून कापतात, म्हणजे त्याचे टोक वर मऊ मांसात सरकते. ते टोक दाबाखाली आले तर पुढे प्रत्येक पावलाला कळ येते.

हंगेरीचे यानोश एर्टल यांनी पहिल्या महायुद्धानंतर आणखी एक मार्ग काढला: नडगी आणि बारीक हाड यांची टोके हाडाच्या पुलाने जोडायची, म्हणजे स्टंपच्या तळावरही भार घेता येईल. मात्र शस्त्रक्रिया लांबते. ज्यांचा रक्तपुरवठा कमजोर आहे अशा मधुमेही रुग्णांना ती बहुधा मानवत नाही. तरुण, अपघातग्रस्त रुग्णाच्या घरच्यांनी याबद्दल जरूर विचारावे. नेहमीच्या स्टंपमध्ये वजन मुख्यतः वाटीखालच्या जाड पट्ट्यावर आणि बाजूंवर घेतले जाते.

टाके निघाल्यावर बिघडते ते बहुतेक घरात. आई किंवा सून मायेने गुडघ्याखाली उशी ठेवते. तीच नको. गुडघा वाकलेलाच आखडला तर उत्तम स्टंपही वाया जातो. गुडघा सरळ ठेवावा, दिवसातून थोडा वेळ पालथे झोपावे. इलास्टिक पट्टी टोकाला घट्ट आणि वर सैल बांधावी, ती कशी हे फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्यावे. स्टंप रोज धुऊन कोरडा करावा. खालची बाजू दिसत नाही, ती आरशात पाहावी. मधुमेह्याने दुसरा पायही तितकाच जपावा.

गेलेला पाय दुखतो, त्याची बोटे खाजतात, असे रुग्ण सांगतो. ही जिन्नाची बाधा नाही आणि वेडही नाही. मज्जातंतू आणि मेंदू यांचा जुना संबंध तुटायला वेळ लागतो. त्यासाठी औषधे आहेत. आमिलाकडे पैसे घालवण्यापेक्षा डॉक्टरांना सांगावे.

काढलेला पाय दफन करायचा असेल तर तसे रुग्णालयाला आधीच कळवावे. घोटाच उरला नाही तर वुजूत तो पाय धुण्याचे फर्जही उरत नाही. उभे राहता येत नसेल त्याला बसून नमाजची मुभा आहे. बाकी मसाइल आपल्या आलिमांना विचारावेत.

कृत्रिम पायासाठी मुंबईत हाजी अलीजवळ केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे, तर पुण्यात 1944 पासूनचे कृत्रिम अवयव केंद्र. मास्टर रामचंद्र आणि डॉ. पी. के. सेठी यांनी घडवलेला जयपूर फूट घालून मांडी घालता येते, उकिडवे बसता येते. जयपूरची भगवान महावीर विकलांग सहायता समिती तो मोफत देते. जाताना शस्त्रक्रियेचे कागद आणि एक्स-रे सोबत न्यावेत.