मोठ्या कंपनीचा फॉर्म आला? घाबरू नका, फाईल तयार ठेवा!



दोन वर्षांपूर्वी एका मोठ्या कंपनीकडून माझ्याकडे दिवाळी गिफ्ट बॉक्सची चौकशी आली. रेट जमला, सॅम्पल पास झालं. मग ई-मेलवर चार पानी फॉर्म आला. महिन्याला वीज किती लागते? कचरा कुठे जातो? कामगारांना किमान वेतन मिळतं का? मला वाटलं, नुसती फॉर्मॅलिटी आहे. अर्धा फॉर्म कोराच पाठवला. ऑर्डर दुसऱ्याला गेली. माल चांगला होता, कागद कोरा होता!

हे प्रश्न येतात कुठून?

मोठ्या कंपन्यांत आता चीफ सस्टेनेबिलिटी ऑफिसर असतो. अमेरिकेतल्या ड्यूपाँटने 2004 मध्ये हे पद निर्माण केलं, तेव्हा ते नवलाचं होतं. पूर्वी पर्यावरण म्हणजे झाडं लावा आणि फोटो काढा. आता ते थेट हिशेबात आलंय. महिंद्रा अँड महिंद्राने 2016 मध्ये स्वतःच्या कार्बनला टनामागे 10 डॉलर असा अंतर्गत भाव लावला.

सेबीने 2021 मध्ये बीआरएसआर नावाचा अहवाल आणला. 2022-23 पासून शेअर बाजारातल्या पहिल्या 1000 कंपन्यांना तो सक्तीचा आहे. तो नीट भरायचा तर या अधिकाऱ्याला खरेदी, एचआर, फायनान्स अशा सगळ्या विभागांकडून आकडे काढावे लागतात. म्हणून त्याचा शब्द आता खरेदी विभागातही चालतो.

पण माझा काय संबंध?

कंपनीचा कार्बन तीन कप्प्यांत मोजतात. पहिला, स्वतः जाळलेलं इंधन. दुसरा, विकत घेतलेली वीज. तिसरा, पुरवठादार, वाहतूक आणि ग्राहकांकडचा वापर. या तिसऱ्या कप्प्यात आपण बसतो! हा अहवाल भरायची सक्ती तुमच्या-माझ्यावर नाही. पण आपण आकडे दिले नाहीत, तर कंपनीचा कप्पा रिकामा राहतो.

यात एक संधीही आहे. याच अहवालात कंपनीला सांगावं लागतं, की कच्च्या मालापैकी किती टक्के माल लघुउद्योगांकडून घेतला. म्हणजे तुमचं उद्यम सर्टिफिकेट त्यांच्याही कामाचं आहे.

आजपासून काय करायचं?

1. वीजबिलं जपून ठेवा. आपल्या ग्रिडच्या एका युनिटमागे साधारण 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड धरतात. 400 युनिट म्हणजे 280 किलो. झाला तुमचा पहिला आकडा!
2. डिझेल, पेट्रोलच्या पावत्या महिन्यावार लावा.
3. पुठ्ठा, प्लास्टिक भंगारवाल्याला देताना वजन वहीत लिहा आणि पावती मागा.
4. पगार बँकेतून द्या, हजेरीपत्रक ठेवा.
5. उद्यम सर्टिफिकेट त्याच फाईलमध्ये लावा.

एक सावधगिरी. "शंभर टक्के इको-फ्रेंडली" असं उगाच छापू नका. पुरावा मागितला तर तोंडघशी पडाल. नसलेला आकडा बनवूनही लिहू नका. "मोजणी या महिन्यापासून सुरू केली आहे" असं सरळ लिहा. खोट्या आकड्यापेक्षा ते कधीही बरं.

मी आता दर महिन्याच्या पाच तारखेला ही फाईल भरतो. अर्धा तास लागतो. तुमच्याकडे असा फॉर्म येईल, तेव्हा तुमचा कागद कोरा नसावा, एवढंच!

भेटू पुढच्या व्हिडिओत.