वळवाचा पाऊस: अंदाज चुकतो की आपण चुकीचा वाचतो?

एप्रिल-मे उजाडला की मराठवाड्यापासून विदर्भापर्यंत एक तक्रार हमखास कानावर येते. "हवामान खात्यानं पाऊस सांगितला, आमच्याकडे तर थेंब नाही." अंदाज कधी चुकतातही, पण पुष्कळदा तो वाचण्यातच गफलत झालेली असते. 'तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह पाऊस' म्हणजे हलका पाऊस, असं अनेकांना वाटतं. खात्याच्या हिशेबात त्याचा अर्थ असा की त्या विभागातल्या फार तर २५ टक्के केंद्रांवर पाऊस होईल. 'काही ठिकाणी' म्हणजे २६ ते ५० टक्के, 'बऱ्याच ठिकाणी' म्हणजे ५१ ते ७५. पावसाच्या जोराबद्दल यात अवाक्षर नाही. तुरळक ठिकाणचाच पाऊस गारा घेऊन येतो आणि उभी बाग झोडपून जातो.

मग गावाचं नावच का सांगत नाहीत? कारण वळवाचा ढग जेमतेम काही किलोमीटर रुंद असतो आणि तासाभरात उभा राहून विरूनही जातो. जमीन किती तापेल, दोन्ही समुद्रांकडून येणारं बाष्प कुठे एकत्र येईल, हे एक-दोन दिवस आधी कळतं; त्यावरून जिल्ह्याला इशारा देता येतो. शिवार कोणतं, हे मात्र रडारवर ढग दिसल्यावरच ठरतं. म्हणून खात्याचा पुढच्या तीन तासांचा तातडीचा इशारा सकाळच्या अंदाजापेक्षा जास्त मोलाचा, असं माझं ठाम मत आहे.

पाऊस सुरू झाल्यावर आडोसा शोधू, हा समजही घातक. पावसाने गार झालेली जड हवा ढगातून खाली कोसळते, जमिनीवर आपटते आणि चहूकडे पसरते. हा सोसाट्याचा वारा अनेकदा सरींच्या आधी पोहोचतो. १३ मे २०२४ रोजी मुंबईत असंच धुळीचं वादळ उठलं, घाटकोपरला पेट्रोल पंपावर अवाढव्य जाहिरात फलक कोसळला आणि १७ जणांचा जीव गेला.

विजेबद्दलचे गैरसमज तर थेट जीवावर बेततात. पाऊस नाही म्हणजे वीज नाही, हे खोटं. ढगापासून दहा किलोमीटरवरही वीज पडू शकते. गडगडाट ऐकू आला म्हणजे तुम्ही तिच्या टप्प्यात आलात. रबरी चप्पल वाचवत नाही. हातातला मोबाईल वीज ओढून घेत नाही. चार्जिंगला लावलेला मात्र वापरू नये. मोटारीत माणूस सुरक्षित राहतो तो टायरांमुळे नव्हे, भोवतीच्या धातूच्या सांगाड्यामुळे. आणि झाड? रानात काम करणारी माणसं सवयीने झाडाखालीच धावतात. उंच झाडावर वीज पडली की ती बुंध्यातून शेजारच्या माणसावर झेपावते, मुळांभोवतीच्या जमिनीतूनही पसरते. गुरंही तिथे बांधू नका. पक्कं घर गाठा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं 'दामिनी' ॲप जवळपास पडणाऱ्या विजांची सूचना देतं. घरातल्या एकाच्या तरी फोनमध्ये ते असू द्या.

वीज पडलेल्या माणसाला हात लावला तर आपल्यालाही झटका बसतो, या भीतीने लोक लांब उभे राहतात. त्याच्या अंगात वीज साठून राहत नाही. श्वास थांबला असेल तर लगेच छाती दाबायला लागा आणि दुसऱ्या कुणाला तरी १०८ ला फोन लावायला सांगा.