वकिलीच्या मोठ्या कॉलेजात आपल्या पोरीचा नंबर लागेल काय?

बारावीचे वर्ष सुरू झाले की धंतोलीत एक प्रश्न आमच्या कानावर हमखास येतो. विचारणारा कधी दवाखान्यातला वॉर्डबॉय असतो, कधी आया, कधी ऑटो चालविणारा तर कधी आमच्यासारखाच कारकून. "भाऊ, पोरगी वकिलीचं म्हणते. त्या मोठ्या कॉलेजात तिचा नंबर लागन का जी?"

या प्रश्नाला आपल्याकडे दोन उत्तरे तयार असतात. क्लासवाला म्हणतो, नक्की लागेल, पहिला हप्ता भरा. नात्यातला एखादा शिकलेला माणूस म्हणतो, ते आपल्यासाठी नाही, तिला बी.ए. करू द्या. दोघांनीही पोरीच्या हाती पेपर दिलेला नसतो. आम्ही बी.कॉम. झालेले, आयुष्य खतावण्या तपासण्यात गेलेले. आमचे सांगणे एवढेच की आधी हिशेब मांडावा, मग हो किंवा नाही म्हणावे.

प्रश्न साधा नाही. दर हिवाळी अधिवेशनाला आमच्या यशवंत स्टेडियमवरून मोर्चे निघतात. त्यात आपली माणसे हिरिरीने घोषणा देतात. पण ज्या कायद्यासाठी घोषणा चालल्या, तो उघडून वाचणारा माणूस गल्लीत शोधावा लागतो. बाबासाहेबांनी महाडचा सत्याग्रह १९२७ साली केला आणि चवदार तळ्याच्या दाव्याचा निकाल मुंबई हायकोर्टातून १७ मार्च १९३७ रोजी मिळविला. मधली दहा वर्षे ती लढाई कोर्टाच्या कागदांवर चालू होती. ते कागद लिहिणारी माणसे आपल्या घरांतून निघावीत, असे कुणाला वाटणार नाही?

आता परीक्षेकडे वळू. राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी २००८ पासून 'क्लॅट' नावाची सामाईक परीक्षा होते. दिल्लीचे विधी विद्यापीठ तेवढे आपली 'आयलेट' ही परीक्षा वेगळी घेते. आपल्या महाराष्ट्रात मुंबई, नागपूर व औरंगाबाद म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, अशी तीन राष्ट्रीय विधी विद्यापीठे आहेत. नागपूरचे २०१६ साली सुरू झाले. त्याचा परिसर वर्धा रोडने बुटीबोरीकडे जाताना वारंग्याला आहे. जो रस्ता आमच्या धंतोलीला लागून जातो, त्याच रस्त्यावर. तरी आमच्या ओळखीच्या निम्म्या पालकांना त्याचे नाव ठाऊक नाही.

क्लॅटला बसायला बारावीत ४५ टक्के लागतात, अनुसूचित जाती-जमातींना ४० टक्के. कोणतीही शाखा चालते, वयाची वरची अट नाही. पेपर १२० प्रश्नांचा, वेळ दोन तास, म्हणजे प्रश्नाला एक मिनिट आणि त्यातच उतारा वाचायचा. इंग्रजी, चालू घडामोडी, कायद्याची तर्कबुद्धी, साधी तर्कबुद्धी आणि थोडे दहावीच्या पातळीचे गणित, असे पाच भाग. सर्व काही इंग्रजीत. पदवीच्या या परीक्षेला देशभरातून साठ हजारांहून अधिक मुले अर्ज करतात आणि जागा असतात काही हजार. हे आकडे ऐकून काही आया तिथेच उठतात. बसा, अजून हिशेब झालेला नाही.

पहिली बाब गुणांची. बरोबर उत्तराला एक गुण, चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा. समजा पोराने १०० प्रश्न सोडविले, ६२ बरोबर आले, ३८ चुकले. तो घरी येऊन ६२ सांगतो. खरे गुण ५२.५० असतात, कारण साडेनऊ गुण वजा झाले. ही वजाबाकी न करता आनंद मानणारी घरे आम्ही पाहिली आहेत. दुसरीकडे, चुकण्याच्या भीतीने प्रश्न सोडून देणेही तोट्याचेच. चारपैकी दोन पर्याय नक्की खोटे दिसत असतील, तर अशा चार प्रश्नांत सरासरीने दोन बरोबर येतात, दोन चुकतात. जमा २, वजा अर्धा, हाती दीड गुण. चारही पर्याय सारखेच वाटत असतील, तर चार प्रश्नांमागे हाती पाव गुण येतो आणि मिनिटे जातात. तेथे थांबू नये.

मागील वर्षांचे पेपर परीक्षा घेणाऱ्या विद्यापीठ-संघाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. घड्याळ लावून, मोबाईल आईजवळ देऊन, पाच रविवारी पाच पेपर सोडवावेत. पाचांत सर्वांत जास्त आलेले गुण शेजाऱ्यांना सांगायला ठेवावेत, हिशेबासाठी मधला आकडा धरावा.

इंग्रजीची परीक्षा तर घरीच होते. इंग्रजी वर्तमानपत्रातला सुमारे साडेचारशे शब्दांचा लेख तीन मिनिटांत वाचून पोरीने आईला मराठीत सांगावा. आईला समजला तर पोरीला समजला. मराठी शाळेतील मुलांचे घोडे अडते ते येथेच. त्यांना बुद्धी कमी नसते, वाचनाचा वेग कमी असतो. तो सहा-आठ महिन्यांच्या रोजच्या वाचनाने वाढताना आम्ही पाहिला आहे. पण परीक्षेच्या दोन महिने आधी सुरुवात केली तर वाढत नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे.

दुसरी बाब क्रमांकाची. गेल्या वर्षी किती गुणांना प्रवेश मिळाला, हे विचारण्यात अर्थ थोडा, कारण पेपर कधी सोपा निघतो, कधी कठीण. प्रत्येक विद्यापीठात कोणत्या गटाची शेवटची जागा कितव्या क्रमांकाला गेली, त्याच्या याद्या प्रसिद्ध होतात. त्या तीन वर्षांच्या घ्याव्यात. पहिल्या फेरीच्या यादीवर विसंबू नये, शेवटच्या फेरीची पाहावी, कारण वरची मुले सरकतात आणि खाली जागा मोकळ्या होतात. आपल्या गटाची ओळ पाहावी. महाराष्ट्रातील रहिवाशांच्या जागांची ओळ वेगळी असते, ती निराळी पाहावी. छापलेला क्रमांक अखिल भारतीय आहे की गटातला, हे यादीच्या माथ्यावर वाचून मगच आपल्या क्रमांकाशी ताडावा. आणखी एक गफलत होते. डिसेंबर २०२४ मध्ये झालेली परीक्षा '२०२५ ची' म्हणून ओळखली जाते. तेव्हा वर्षे जुळवून घ्यावीत.

तीनही वर्षी आपला क्रमांक आत बसत असेल तर आशा बळकट आहे. एका वर्षी आत, दोन वर्षी बाहेर, अशी स्थिती असेल तर अर्ज करावा, पण दुसरी सोय आधी पाहून ठेवावी. काठावर एक-दोन प्रश्नांनी किती उलथापालथ होते, हे त्याच डिसेंबर २०२४ च्या परीक्षेत दिसले. चुकीच्या उत्तरसूचीवरून मुले दिल्ली हायकोर्टात गेली, प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत पोचले आणि मे २०२५ मध्ये निकाल सुधारण्याचा आदेश झाला. प्रवेश तोवर खोळंबले.

दाखला आधी, पुस्तक नंतर

आता ज्या गोष्टीसाठी आम्ही हा लेख मुख्यतः लिहायला घेतला ती. आमच्या पाहण्यातील एका मुलीचा क्रमांक राखीव जागेत बसत होता. जवळच्या दाखल्यावर मूळ जातीचा उल्लेख नव्हता, फक्त 'बौद्ध' लिहिलेले. नवा दाखला हाती येईपर्यंत मुदत संपली. वडील हातगाडी लावतात. त्यांनी चार दिवस गाडी बंद ठेवून खेटे घातले होते.

१९९० साली अनुसूचित जातींच्या आदेशात दुरुस्ती झाली आणि बौद्धांना केंद्राच्या सवलतींचा मार्ग मोकळा झाला. पण अनुसूचीत जातीची नावे आहेत, 'बौद्ध' हे तेथे जातीचे नाव नाही. म्हणून देशपातळीवरच्या प्रवेशासाठी केंद्राच्या नमुन्यातील दाखला लागतो. त्यावर धर्म बौद्ध आणि मूळ जात, जसे महार, असे दोन्ही लागते. ते नाव पुन्हा लिहून घेताना कित्येकांच्या मनाला लागते, हे आम्ही जाणतो. आमच्याही लागते. पण पोरीची जागा त्या एका ओळीवर अडलेली असते.

राज्यातील प्रवेशासाठी याखेरीज जात वैधता प्रमाणपत्र हवे. त्याला १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा वास्तव्याचा पुरावा मागतात. आजोबांच्या शाळेच्या दाखलखारिजाचा उतारा, कोतवाल बुकातली नोंद, जुना सातबारा, जे मिळेल ते. हे कागद गावी असतात आणि गाव उमरेडकडे, काटोलकडे किंवा भंडाऱ्याकडे. तेथे जाणे-येणे म्हणजे मजुरीचे दिवस. म्हणून हे काम अकरावीच्या उन्हाळ्यात उरकावे आणि बारावीत असतानाच कॉलेजमार्फत अर्ज द्यावा. अधिवासाचा व उत्पन्नाचा दाखलाही त्याच फेरीत काढावा.

पैशाचे थोडक्यात सांगतो. क्लॅटची फी अनुसूचित जातींना ३,५०० रुपये आहे. निकालानंतर समुपदेशनात नाव नोंदविताना अलीकडच्या वर्षांत राखीव गटाकडून २०,००० रुपये घेतले गेले. ती रक्कम पुढे फीत वळती होते, पण त्या आठवड्यात रोख हाती लागते. बचत गटात आधी सांगून ठेवावे. विद्यापीठाची फी वर्षाला दोन-तीन लाखांच्या घरात जाते. हा आकडा ऐकून माघार घेऊ नये. केंद्राची उच्च दर्जाच्या शिक्षणाची शिष्यवृत्ती योजना आहे. कुटुंबाचे उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल आणि संस्था यादीत असेल, तर शिकवणी फी मिळते. मात्र संस्थानिहाय जागा मोजक्या. राज्याची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती अडीच लाखांच्या आतील उत्पन्नाला आहे. क्लासच्या फीबद्दल बोलायचे तर 'आयडिया' या संस्थेचे नाव लक्षात ठेवावे. प्रा. शमनाद बशीर यांनी ती २०१० साली सुरू केली, गरीब घरच्या मुलांची क्लॅटची तयारी ती विनामूल्य करून घेते.

दुसरे दार

क्लॅट जमली नाही म्हणजे वकिली संपली, असे समजणाऱ्यांची आम्हाला चीड येते. राज्याची विधी सीईटी आहे. तिचा पेपर मराठीतूनही असतो आणि चुकीला गुण वजा होत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा ठेवू नये. याच परीक्षेतून नागपूरच्या विद्यापीठाच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर विधी महाविद्यालयात प्रवेश होतो. बाबासाहेब १९३५ साली ज्याचे प्राचार्य झाले, ते मुंबईचे शासकीय विधी महाविद्यालयही याच वाटेवर. तेथील फी आजही मजुराला पेलेल अशी आहे. पदवीनंतरची तीन वर्षांची एलएल.बी. निराळी आहेच. बी.कॉम. होऊन नोकरी करणाऱ्यांनीही तिचा विचार करावा.

न्या. भूषण गवई १४ मे २०२५ रोजी देशाचे सरन्यायाधीश झाले, या पदावरचे पहिले बौद्ध. २३ नोव्हेंबर २०२५ रोजी ते निवृत्त झाले. अमरावतीचा हा माणूस १९८५ साली वकिलीत उतरला. तेव्हा राष्ट्रीय विधी विद्यापीठे व क्लॅट जन्माला यायची होती. आपल्या नागपूर खंडपीठात ते सरकारी वकील होते.

म्हणून दोन्ही अर्ज भरावेत. क्लॅटचे अर्ज जुलै-ऑगस्टमध्ये निघतात. २०२३, २०२४ व २०२५ ही तिन्ही वर्षे परीक्षा डिसेंबरच्या पहिल्या रविवारी झाली. २०२५ मध्ये तो रविवार ७ तारखेला आला, म्हणजे महापरिनिर्वाण दिनाच्या दुसऱ्या दिवशी. दादरला जाणाऱ्या कुटुंबांनी अर्ज भरतानाच तारीख पाहून घ्यावी. पोरीला पेपर असेल त्या वर्षी चैत्यभूमीला घरातल्या एकाने जावे, दुसऱ्याने तिच्यासोबत केंद्रापर्यंत जावे आणि पेपर सुटेपर्यंत बाहेर थांबावे.