चाकाचा तोल

नाशिकहून मुंबईस निघालेली मोटार गांवांत निमूट चालते. परंतु महामार्गावर वेग वाढला, कीं स्टिअरिंग हातांत थरथरूं लागतें. एक म्हणतो, 'बॅलन्सिंग करा'. दुसरा म्हणतो, 'अलाइनमेंट करा'. या शब्दांतील भेद न समजल्यास पैसा जातो आणि थरथर मात्र राहते.

बॅलन्सिंग म्हणजे चाकाचा तोल. चाकाची एक बाजू जड असली, तर ती दर फेऱ्यास आंसाला ओढते. तीस सेंटिमीटर त्रिज्येचें चाक ताशी ९० किलोमीटर वेगांत सेकंदास सुमारें १३ फेरे घेतें. त्या वेळीं आंसापासून २० सेंटिमीटरांवर असलेलें अवघें २० ग्रॅम जादा वजन जवळजवळ पावणेतीन किलोंच्या भाराइतकी ओढ देतें. वेग दुप्पट झाला, कीं ओढ चौपट होते. म्हणून हा दोष मंद गतींत लपून राहतो. रिमच्या कडेस धातूचीं लहान वजनें लावून तो दूर करतात.

अलाइनमेंट म्हणजे चाकांची दिशा व कल. ती बिघडली, तर गाडी एका बाजूस ओढते व टायर एका कडेस झिजतो.

तिसरा शब्द 'रनआउट'. खड्ड्यांत आपटून रिम वांकली, तर चाक वर्तुळाकार फिरत नाहीं. तेथें वजनें लावून भागत नाहीं.

थरथर स्टिअरिंगमध्यें जाणवल्यास बहुधा पुढचीं चाकें तपासावीं, बैठकीखालीं जाणवल्यास मागचीं. टायरच्या बाजूस फुगवटा दिसला, तर मात्र तो टायर बदलल्यावांचून कसारा घाट उतरूं नये.