कथकचा ध्वनिमुद्रित लहरा : लय, पट्टी आणि भाव

कथक नृत्याची मैफल पाहताना प्रेक्षकांचे लक्ष साहजिकच नर्तकाच्या पदन्यासाकडे जाते. त्या पदन्यासाला काळाचे भान देणारी एक छोटी स्वररचना मात्र पार्श्वभूमीला अखंड वाजत असते. तिला लहरा किंवा नगमा म्हणतात. तालाच्या एका आवर्तनात बसणारी ही रचना सारंगीवर किंवा हार्मोनियमवर पुन्हा पुन्हा वाजविली जाते. तीनतालाच्या १६ मात्रांपैकी आपण कोणत्या मात्रेवर आहोत, हे नर्तकाला आणि तबलावादकाला तिच्यावरून कळते.

पंडिता रोहिणी भाटे यांनी १९४७ साली पुण्यात नृत्यभारती ही संस्था स्थापन केली. त्यांच्यासारख्या गुरूंच्या परिश्रमामुळे कथकचे शिक्षण महाराष्ट्रात रुजले. तथापि प्रत्येक वर्गाला सारंगीवादक मिळणे शक्य नसते. त्यामुळे रोजच्या रियाझासाठी आणि शालेय स्नेहसंमेलनासाठी ध्वनिमुद्रित लहऱ्याचा आधार घेतला जातो. अशा मुद्रणाची निवड करताना लय, पट्टी आणि भाव या तीन बाबी पारखून घेणे अगत्याचे आहे.

लयीचे गणित

लय मोजण्यास सेकंदकाटा असलेले साधे घड्याळ पुरते. एका समेपासून पुढच्या समेपर्यंत किती सेकंद लागतात, ते पाहावे. तीनतालाचे आवर्तन १६ सेकंदांत पूर्ण होत असेल, तर लय मिनिटाला ६० मात्रांची. ८ सेकंदांत होत असेल, तर १२० मात्रांची. म्हणजेच तीनतालासाठी ९६० या संख्येला सेकंदांनी भागावे. १० मात्रांच्या झपतालासाठी ६०० ही संख्या घ्यावी. दहा आवर्तने मोजून सरासरी काढल्यास हिशेब अधिक अचूक येतो.

यंत्राने दिलेला आकडा मात्र तपासून घ्यावा लागतो. यंत्र आघात मोजते. त्यातील मात्रा कोणती, हे त्याला नेहमीच उमगत नाही. त्यामुळे ८० मात्रांची लय १६० अशी नोंदली जाण्याचा संभव असतो. शिवाय कथकमध्ये लहऱ्याची लय तीच ठेवून पायांनी दुगुण आणि चौगुण करावयाची असते. पाय दुप्पट गतीने पडू लागले, तरी लहरा स्थिर असतो. या स्थैर्यामुळेच लयकारीचे सौंदर्य प्रकट होते. थाट आणि आमद यांना विलंबित लय अनुकूल असते, तर तत्काराच्या लडीसाठी द्रुत लय घेतली जाते. सबंध कार्यक्रमासाठी एकच मुद्रण वापरणे म्हणूनच योग्य ठरत नाही.

पट्टी कशासाठी पाहावी ?

नर्तक स्वतः गात नसला, तरी पट्टीकडे दुर्लक्ष करून चालत नाही. मुद्रित लहऱ्याबरोबर प्रत्यक्ष तबला वाजणार असेल, तर तो लहऱ्याच्या षड्जाशी जुळवावा लागतो. तबला चढविण्या-उतरविण्यास मर्यादा असतात. हाताशी असलेल्या तबल्याशी न जुळणाऱ्या पट्टीतील लहरा निवडला, तर दोहोंचा मेळ बसत नाही.

तबकडी आणि कॅसेट यांच्या बाबतीत आणखी एक अडचण होती. गती वाढविली की स्वरही चढत असे. गती सुमारे ६ टक्क्यांनी वाढली, तर काळी एकमधील लहरा पांढरी दोनमध्ये ऐकू येई. आजच्या अंकीय तंत्रामुळे गती आणि पट्टी स्वतंत्रपणे बदलता येतात. मात्र बदल फार मोठा केल्यास सारंगीची मींड कृत्रिम भासू लागते. हव्या त्या लयीच्या जवळचे मूळ मुद्रण निवडणे, हेच श्रेयस्कर.

भाव कोठून येतो ?

लय आणि पट्टी समान असूनही राग बदलला की वातावरण पालटते. मालकंसातील कोमल निषादाच्या जागी शुद्ध निषाद आला, की चंद्रकंस होतो. एकाच स्वराच्या या फरकाने मालकंसाच्या गांभीर्याला ओढ आणि उत्कंठा यांची छटा येते. म्हणून मुद्रणावर केवळ 'प्रसन्न' किंवा 'गंभीर' असा शब्द असून भागत नाही. रागाचे नावही पाहावे. नाट्यशास्त्रात वर्णिलेली रसनिष्पत्ती मात्र अभिनयावाचून पूर्ण होत नाही. एकाच लहऱ्यावर कुशल नर्तक गतभावात राधेची लज्जा दाखवितो आणि कालियामर्दनाचा आवेशही.

मुद्रण थांबत नाही

प्रत्यक्ष मैफलीत नर्तक क्षणभर अडखळला, तर साथीदार त्याला सांभाळून घेतात. नर्तकाने नजरेने खुणावताच लय वाढविली जाते. मुद्रण हे करू शकत नाही. विद्यार्थ्याची तिहाई समेवर आली नाही, तरी ते पुढे जातच राहते. रियाझात हा गुण आहे, कारण चूक लपत नाही. परंतु केवळ मुद्रणावर वाढलेल्या विद्यार्थ्याला साथीदारांशी संवाद साधण्याची सवय लागत नाही.

यासाठी शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून हाताने ताल देत बोलांची पढंत नियमितपणे करून घ्यावी. शाळा आणि ग्रामपंचायती यांनी वर्षाकाठी एखाद्या कार्यक्रमाला तरी तबला व हार्मोनियम यांच्या साथीची तरतूद करावी, आणि मुद्रण वापरल्यास त्यातील वादकांची नावे आवर्जून जाहीर करावीत. ध्वनिमुद्रणाने कथकचा रियाझ गावोगावी शक्य केला आहे. नर्तक आणि साथीदार यांच्यातील जिवंत नाते टिकविण्याचे कार्य मात्र माणसांनाच करावे लागेल.